नव्या घरात पाणी कशावर तापणार?

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत जुनी कौलारू घरे जाऊन स्लॅबची घरे उभी राहत आहेत. फरशी कोणती, रंग कोणता, यावर घरात आठवडाभर खल होतो. अंघोळीचे पाणी कशावर तापवायचे, हे मात्र वास्तुशांतीनंतर आठवते. मग जुना बंब मोरीशेजारी येतो किंवा लहानशा बाथरूममध्ये गॅस गिझर बसतो. दोन्ही निर्णय आरोग्याला महाग पडू शकतात.

१ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि अनेक घरांत स्वयंपाक गॅसवर गेला. पण सिलिंडर अंघोळीवर कोण खर्च करणार? त्यासाठी लाकूडफाटा आजही जळतो आणि धूर घरातल्या बायका-मुलांच्या फुप्फुसांत जातो. गॅस गिझरचा धोका दिसत नाही. बंद खोलीत ज्वलनाला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, गरगरते आणि कडी काढण्याआधीच शुद्ध हरपू शकते. म्हणून गॅस गिझर बाथरूमच्या आत नकोच.

शंभर लिटर पाणी ४० अंशांनी तापवायला सुमारे साडेचार युनिट वीज लागते. पावसाळा सोडला तर हे काम ऊन फुकट करते. त्यासाठी छतावर साधारण दोन चौरस मीटरचा सौर संच पुरतो. मात्र फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेली पीएम सूर्यघर योजना वीज तयार करणाऱ्या पॅनेलसाठी आहे. तिचे अनुदान पाणी तापवणाऱ्या संचाला लागू नाही. दोन्हींना ‘सोलर’च म्हणतात, त्यामुळे खरेदीत गफलत होते.

संच निवडताना किमतीआधी पाणी पाहावे. बोअरच्या पाण्याने पातेल्याच्या तळाशी पांढरा थर धरत असेल, तर सपाट पेटीच्या संचातील तांब्याच्या बारीक नळ्या क्षारांनी तुंबतात. तिथे काचेच्या रुंद नळ्यांचा संच बरा, कारण तो साफ करता येतो. पण माकडांचा उपद्रव किंवा गारपीट असेल तिथे काच जपावी लागते. साध्या संचात एक नळी फुटली तरी पाणी वाहून जाते. पाणी गोडे असेल तर कडक काचेची सपाट पेटी अधिक टिकाऊ.

भीमाशंकर, आहुपे, नाणेघाटाकडच्या पश्चिम पट्ट्यात पावसाळ्यात ऊन दिवसचे दिवस दिसत नाही. तिथे विजेच्या कॉइलची जोड हवी आणि तिला अर्थिंग हवेच. बंब ठेवायचाच असेल तर घराबाहेर, शेडखाली, धुराड्यासह ठेवावा.

ही सोय नकाशावरच ठरली पाहिजे. संचाचे तोंड दक्षिणेला हवे. आपण १९ अंश अक्षांशाच्या आसपास आहोत. थंडीत जास्त ऊन मिळावे म्हणून उतार तीस-पस्तीस अंशांचा ठेवावा. थंड पाण्याची टाकी सौर टाकीपेक्षा उंच हवी आणि बाथरूम शक्यतो संचाच्या खालीच. पाइप लांबला की सुरुवातीचे थंड पाणी बादल्यांनी वाया जाते.

कडक उन्हाच्या दिवशी हे पाणी ७० अंशांच्याही वर जाते आणि लहान मुलाची कातडी क्षणात भाजते. बादलीत आधी थंड पाणी, मग गरम, ही सवय घरात लागलीच पाहिजे.

घर एकदाच बांधले जाते. स्लॅब पडल्यावर टाकी उंचावणे आणि भिंती फोडून पाइप फिरवणे दुप्पट खर्चाचे होते. देवघराची दिशा गवंड्याला पहिल्याच दिवशी सांगितली जाते. त्याच दिवशी गरम पाण्याच्या टाकीची जागाही सांगावी.