हुकलेल्या संधीचे चरित्र

२ नोव्हेंबर २०२५ रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. पावणे येथील कारखान्यांपासून हे मैदान फार दूर नाही. त्यामुळे आमच्या भागात या विजयाची चर्चा बरेच दिवस चालली. तीत एक वाक्य वारंवार ऐकू आले : प्रशिक्षक अमोल मुझुमदारला अखेर न्याय मिळाला. या वाक्यामागे सद्भावना आहे, पण ते पटण्यासारखे नाही.

फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या उपान्त्य सामन्यात तेंडुलकर आणि कांबळी यांनी शारदाश्रमसाठी ६६४ धावांची अखंड भागीदारी रचली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून तेरा वर्षांचा मुझुमदार पॅड बांधून बसला होता. त्याची पाळी आलीच नाही. १९९४ मध्ये रणजी पदार्पणातच त्याने हरयाणाविरुद्ध २६० धावा काढल्या. प्रथमश्रेणी पदार्पणातील हा विश्वविक्रम २०१८ पर्यंत टिकला. पुढे १७१ सामन्यांत ३० शतकांसह ११,१६७ धावा झाल्या. कसोटी मात्र एकही नाही. १९९६ मध्ये द्रविड, गांगुली आणि लक्ष्मण आले, तेंडुलकर होताच. मधल्या फळीत जागा उरली नाही.

कांबळीची कथा वाचणे आपल्याला सोपे जाते. १७ कसोटी, ५४.२० ची सरासरी, दोन द्विशतके आणि वयाच्या तेविसाव्या वर्षी, १९९५ मध्ये, शेवटची कसोटी. हा शोकांतिकेचा ओळखीचा साचा आहे. नायकाच्या स्वभावात दोष शोधला की वाचकाचे समाधान होते. मुझुमदारच्या बाबतीत तसा दोष हाती लागत नाही. म्हणून आपण पॅड बांधून बसलेल्या मुलाचे प्रतीक केले, ते त्याच्या सबंध आयुष्यावर पसरवले आणि नेरूळला त्याचा सुखान्त जोडून दिला.

या मांडणीत दोन अन्याय होतात. पहिला असा की, वीस वर्षांची फलंदाजी केवळ प्रतीक्षा ठरते. २००६-०७ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली मुंबईने रणजी करंडक जिंकला. पुढे तो आसाम आणि आंध्रकडूनही खेळला. आसामसाठी धावा काढणारा माणूस कशाची वाट पाहत नसतो, तो फलंदाजी करत असतो. दुसरा अन्याय अधिक गंभीर आहे. अंतिम सामन्यात शफाली वर्माने ८७ धावा केल्या, दीप्ती शर्माने अर्धशतकासह पाच बळी घेतले. त्यांचे कर्तृत्व एका पुरुषाच्या जुन्या दुःखाची भरपाई म्हणून वाचायचे काय?

साहित्यातही आपण हेच करतो. एखाद्याला ‘उपेक्षित’ म्हणायचे, उतारवयात त्याचा सत्कार करायचा आणि त्याची पुस्तके न वाचताच कर्तव्यमुक्त व्हायचे. न खेळलेली कसोटी न खेळलेलीच राहणार. तो अन्याय कोणत्याही चषकाने पुसला जात नाही. पण ११,१६७ धावा झालेल्या आहेत. चरित्र लिहायचे असेल, तर ते त्या धावांचे लिहावे.