गोळी चालली, चौकशी का नाही?

सांडोरच्या गिरणी कामगार बंधुभगिनींनो,

२१ नोव्हेंबर १९५५ रोजी विधानसभेकडे निघालेला कामगारांचा मोर्चा फ्लोरा फाउंटनपाशी अडवला नि गोळ्या झाडल्या. जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत पुन्हा गोळीबार झाला. शंभरावर माणसे हुतात्मा झाली.

आमचा सवाल साधा आहे. कोणत्या चौकात, कुणाच्या हुकमाने, इशारा देऊन की न देता गोळी चालली? मोरारजीभाईंच्या सरकारने न्यायालयीन चौकशी नाकारली. चिंतामणराव देशमुखांनी केंद्राच्या अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि जुलै १९५६ मध्ये लोकसभेत हीच चौकशी मागितली. शिवाय त्यांनी चव्हाट्यावर मांडले, की मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय मंत्रिमंडळापुढे न येताच जाहीर झाला! अर्थमंत्र्यालाच जिथे पत्ता नाही, तिथे साचेवाल्याला कोण विचारतो?

१ मे १९६० ला राज्य मिळाले, जबाब मिळाला नाही. २००५ पासून माहितीच्या अधिकाराचा कायदा आहे, मग दप्तरे उघडायला भीती कसली?

वारभर कापड कमी भरले तर जॉबर आमच्याकडे हिशेब मागतो. मग शंभरावर माणसे गेली, त्यांचा हिशेब कोण देणार? तो आम्ही मागणारच. मिळेपर्यंत मागणार!