माईक कुणाच्या बापाचा?

माझ्या आजाकडं एक ट्रान्झिस्टर होता. मागचं झाकण तुटलेलं, सेल रबरानं बांधलेले. नामांतराच्या दिवसांत मराठवाड्यात कुठं काय पेटलंय ते कळावं म्हणून सगळी वस्ती त्या डबड्याभोवती बसायची. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं ठराव केला. १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाच्या नावात बाबासाहेब आले. मधली साडेपंधरा वर्षं आजा त्या डबड्याला एकच सवाल करायचा : "आमचं काय बोललं का रं?"

आजा गेला. सवाल माझ्या पदरात पडला. मी गोदीत पोती उचलतो, रात्री कविता लिहितो, जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर आकाशवाणी लावतो. आणि तोच सवाल करतो.

जून २०२३ ची गोष्ट आठवा. वरून हुकूम सुटला : आकाशवाणीच्या पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद. बातमीपत्रं यापुढं छत्रपती संभाजीनगरहून. म्हणजे आमच्या औरंगाबादहून. कुणाला विचारून? ऐकणाऱ्याला तर नाहीच. पुणं खवळलं. श्रोते बोलले, पेपरांनी लिहिलं, पुढारी धावले. आणि तेव्हाचे माहिती व प्रसारण मंत्री अनुराग ठाकूर यांनी निर्णयाला स्थगिती दिली.

यातनं दोन गोष्टी शिकायच्या. पहिली, हे खातं देव नाही. ओरडलं की त्याला ऐकू येतं. दुसरी, ओरडणाऱ्याचा पत्ता बघून ऐकू येतं. पुण्याचा फोन दिल्लीला लागतो. आपला नुसता वाजत राहतो.

पुण्याच्या श्रोत्याला मी शिव्या घालत नाही. त्यानं त्याचं काम केलं. ज्या शहराची बातमी, तिथं बातमीचा माणूस असलाच पाहिजे. सवाल आपल्याला आहे. पुण्याचं ओझं आपल्या शहराच्या डोक्यावर टाकत होते, तेव्हा इथं माणसं किती, जालन्याची-बीडची-हिंगोलीची बातमी कोण आणतं, दलित वस्तीत कुणी माईक घेऊन जातं का, हे कुणी विचारलं? मी नाही विचारलं. तुम्ही विचारलं?

कुणी शहाणा म्हणेल, रेडिओ आता ऐकतंय कोण? मोबाईल आहे, यूट्यूब आहे, आपला चॅनल आपण काढू. काढा, जरूर काढा. पण त्या चॅनलचा मालक सातासमुद्रापार बसलाय. उद्या त्यानं तुमचा व्हिडिओ उडवला तर कुठल्या कोर्टाची पायरी चढणार? खाजगी एफ. एम. गाणी लावतं, पण स्वतःच्या बातम्या द्यायची मुभा सरकारनं त्याला वर्षानुवर्षं दिलेली नाही. म्हणजे रेडिओवरची बातमी एकाच घशातून येते. तो घसा आपल्या करावर पोसलेला आहे. म्हणून त्याची कॉलर धरायचा हक्क आपला.

हा हक्क भीक नाही, कागदावर आहे. १९९५ साली सुप्रीम कोर्टानं निकाल दिला : ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता. तो निकाल देणाऱ्या खंडपीठावर आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. सरकारची नाही, भांडवलदाराची नाही, जनतेची. त्याआधी १९९० साली प्रसार भारतीचा कायदा झाला, १९९७ साली अंमलात आला. त्याचं कलम १२ काढून वाचा. सामाजिक न्यायाला चालना देणं, शोषण, विषमता आणि अस्पृश्यतेसारख्या दुष्ट प्रथांशी लढणं, कामगारांच्या हक्कांचं रक्षण करणं, ही या खात्याची कर्तव्यं म्हणून लिहिलीत. वाचलं तेव्हा मी पोत्यावरनं उठून उभा राहिलो. आपला जाहीरनामाच त्यांच्या कायद्यात, आणि आपल्याला पत्ता नाही!

त्याच कायद्यात खात्यावर नजर ठेवायला खासदारांची समिती आहे. लोकांच्या तक्रारी ऐकायला प्रसारण परिषद आहे. पण २०१४ साली सॅम पित्रोदा समितीला पुन्हा सांगावं लागलं की बाबांनो, कायद्यातली ती खासदारांची समिती नेमा. कायदा झाल्यावर चोवीस वर्षांनी! कर्तव्य लिहिलं, विचारणारा ठेवला नाही. ही जुनी खोड आहे. मनूच्या देशात राजाला धर्म सांगतात, हिशेब मागत नाहीत.

आता जरा इतिहास. १९४० साली रेडिओनं पेटीवर बंदी घातली. विलायती वाद्य, मींड निघत नाही म्हणे. अरे, आंबेडकरी जलसे त्या पेटीवर उभे होते. गावोगाव बाबासाहेब पोचले ते पेटी-ढोलकीवर बसून. ती बंदी ढिली व्हायला १९७१ उजाडलं. १९५२ पासून दहा वर्षं खात्याचे मंत्री होते बा. वि. केसकर, मराठी माणूस. त्यांना सिनेमाची गाणी हलकी वाटली. रेडिओवर शास्त्रीय संगीताचा रतीब सुरू झाला. लोकांनी मोर्चा काढला नाही, नुसता काटा फिरवला. रेडिओ सिलोन लावलं. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ ला आकाशवाणीला विविध भारती काढावी लागली.

पण काटा फिरवणं म्हणजे घर सोडून जाणं. आपल्याला घर सोडायचं नाही, घराचा सातबारा मागायचाय. याच माईकवरून ३ ऑक्टोबर १९५४ ला बाबासाहेब बोलले. आपलं तत्त्वज्ञान स्वातंत्र्य, समता, बंधुता या तीन शब्दांत आहे, आणि ते फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनं आणलेलं नाही, बुद्धाकडून घेतलंय, हे त्यांनी देशाला ऐकवलं. त्या माईकवर आपली पावलं आधीच उमटलीत.

आणि मी? शाळा सुटल्यावर एका केंद्रावर कविता घेऊन गेलो होतो. साहेबानं चष्म्यावरनं वाचली. म्हणाला, भाव चांगला आहे, "हागणदारी" काढ. मी म्हटलं, साहेब, तुम्ही वस्तीतून काढा, मी कवितेतून काढतो. कविता परत आली. तेव्हा मी एकटा होतो, म्हणून नुसता चिडून घरी आलो. चूक तिथं झाली.

एकट्यानं चिडायचं नाही, मिळून ऐकायचं. १९५६ साली पुणे केंद्र आणि युनेस्को यांनी महाराष्ट्रातल्या पाच जिल्ह्यांत, दीडशे गावांत, शेतकऱ्यांची श्रोता मंडळं काढली होती. वीस कार्यक्रम. गावकरी मिळून ऐकायचे, चर्चा करायचे, प्रश्न उलट केंद्राला पाठवायचे. म्हणजे रेडिओ उलट्या दिशेनंही चालतो, हे इथल्याच मातीत दिसलंय. फक्त तेव्हा संच चावडीजवळ होता की वस्तीत, हे आपण विचारायचं.

तर दोस्तांनो, काम असं.

मिलिंद नगर असो, नागसेनवन असो, पाच-पाच जणांचं श्रोता मंडळ करा. महिनाभर वही ठेवा. कोण बोललं, कुठल्या गावाचं, बाई किती, कामगार किती, १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर सोडून आपलं नाव किती वेळा आलं. अंदाज नको, तारीख-वेळ लिहा. शिवीला ते घाबरत नाहीत, वहीला घाबरतात.

मग २००५ च्या माहिती अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडा. कोर्ट फीचं तिकीट चिकटवू नका, हे केंद्राचं खातं आहे, अर्ज परत येईल. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर फी माफ. विचारा : स्थानिक कार्यक्रम रोज किती तास? बाहेरून जोडलेले किती? कवी-गायकांची निवड कोण करतं, कुठल्या नियमानं? बातमीची मंजूर पदं किती, रिकामी किती? तीस दिवसांत उत्तर द्यायला ते बांधील आहेत. नाही दिलं तर अपील. उत्तरं या पानांवर छापू, आमच्या चुकांसकट.

आणि केंद्रातल्या हंगामी निवेदकाला शत्रू समजू नका. रोजावर राबणारा तोही आपल्यासारखा हमालच, तो शब्दांची पोती उचलतो. भांडण त्याच्या खुर्चीशी नाही, वरच्या हुकमाशी आहे.

माईक आपल्या बापाचा आहे. बापाचं नाव कायद्याखाली आहे. आता वहीवर तारीख टाका.

जय भीम.