दारावरचा शिपाई

मराठीत स्वल्पविराम चुकला तर मास्तर अर्धा गुण कापतात आणि विसरून जातात. सी प्लस प्लसमध्ये मात्र बरोबर दिलेला स्वल्पविरामही माणसाला छळतो. आणि तो कोणाला? तर आपला प्रोग्रॅम ठीक चालतो ना, हे प्रामाणिकपणे तपासायला बसलेल्याला!

तपासण्याची रीत साधी आहे. 'असर्ट' लिहायचे आणि जे खरे असायला हवे ते कंसात सांगायचे. पण असर्ट पडला मॅक्रो. त्याचा अर्ज कंपायलरसाहेबांकडे जाण्याआधी दारावरचा प्रीप्रोसेसर नावाचा शिपाई तो हाताळतो. या शिपायाला भाषा येत नाही. गोल कंस आणि स्वल्पविराम तेवढे मोजता येतात. मी कोनी कंसात 'इंट, लाँग' लिहिले, की कोनी कंस त्याच्या गावीच नसल्याने तो एका अर्जाचे दोन करतो आणि वर मलाच दटावतो : असर्टला दोन आर्ग्युमेंट दिलीत, चालते एकच! उतारा? सगळ्याभोवती आणखी एक गोल कंस. का, ते विचारू नये. "घाला, म्हणजे झालं!"

गूगलटेस्टची तऱ्हा निराळी. आपण घडवलेल्या दोन वस्तू समान आहेत का, असे 'एक्स्पेक्ट-ईक्यू'ला विचारावे; आणि समान म्हणजे काय हे त्या वस्तूंना शिकवायचे राहिले असेल, तर तसे सरळ सांगावे की नाही? छे! तक्रार निघते ती मी जन्मात न उघडलेल्या त्यांच्याच फायलीतल्या ओळीवर. मागोमाग मजकुराची वरात. माझ्या ओळीचा पत्ता त्या गर्दीत, 'रिक्वायर्ड फ्रॉम हिअर' या शब्दांशेजारी, अंग चोरून उभा!

जाणती मंडळी म्हणतात, "सवय होते हो!" सवय खड्ड्यांचीही होते, म्हणून कोणी त्याला रस्ता म्हणत नाही. नवा मुलगा हे दोनदा सोसतो, तिसऱ्यांदा चाचणीच पुसून टाकतो. मग कंपायलर गप्प, साहेब खूश आणि चूक थेट गिऱ्हाइकाच्या घरी.

बरे, हे अटळ आहे म्हणावे, तर तसेही नाही. १९८९ पासून प्रमाणग्रंथात असलेला सीचा असर्ट २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीत स्वल्पविराम सहन करू लागला. म्हणजे जमत होते! सी प्लस प्लसमध्ये २०११ पासून 'स्टॅटिक-असर्ट' आहे. त्यात मॅक्रो लिहिणाऱ्याला आपल्या शब्दांत निरोप ठेवता येतो. तेवढे एक सरळ वाक्य त्यांनी लिहावे. कंस काय, आम्ही घालतोच आहोत.