पिवळी कड

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये वडिलांच्या आजारपणापायी घर सव्वा महिना बंद होतं. परत आले तेव्हा तुळशीच्या नुसत्या काटक्या उरल्या होत्या, मोगऱ्याची पानं हातात चुरत होती. गॅलरीच्या कोपऱ्यातलं स्नेक प्लांट मात्र ताठ उभं. घरात काहीतरी धड राहिलंय, याचाही त्या दिवसांत केवढा आधार वाटला!

हे झाड मूळचं पश्चिम आफ्रिकेचं. जाड पानांत आणि मातीखालच्या आडव्या खोडात ते पाणी धरून ठेवतं. दिवसा उन्हात पानांवरची रंध्रं मिटून घेतं आणि रात्री गारव्याला उघडतं, म्हणून पाणी उडून जात नाही. रात्री आत घेतलेल्या कार्बन डायऑक्साइडचं अन्न दिवसा उजेडात होतं. ‘रात्री ऑक्सिजन देतं, बेडरूममध्ये ठेवा’ असं सांगून नर्सरीत ते विकतात, ते मला पटत नाही. उजेडाशिवाय झाड ऑक्सिजन बनवत नाही. हवा शुद्ध होते म्हणून नासाच्या 1989 च्या अहवालाचा दाखला देतात. तो प्रयोग बंद पेटीतला होता, आपल्या खिडक्या उघड्या असतात. हे झाड तग धरतं, एवढा गुण मला पुरतो.

आणि अशा झाडाला मी माया करून मारलं. रोज तांब्याभर पाणी, वर जूनचा पाऊस. एके सकाळी बोट लागताच एक पान कलंडलं. बुंधा पिवळट, लिबलिबीत, सडक्या बटाट्यासारखा वास. कुंडीचं भोक मातीनं बुजलं होतं.

एकच पान निरोगी होतं. त्याचे वीतभर तुकडे करून 2 दिवस सावलीत सुकवले आणि बुडाची बाजू खाली ठेवून वाळू मिसळलेल्या मातीत खोवले. दिवाळीनंतर कोंब आला, पण पूर्ण हिरवा. मूळ पानाची पिवळी कड त्याला नाही. पानापासून केलेल्या रोपात ती उतरत नाही. कड हवी तर मुळाशी फुटलेला फुटवा खोडासकट वेगळा करून लावावा लागतो. तो फुटवा मी सडवला होता.

यंदाचा पाऊस सुरू झालाय. तुमच्याकडे हे झाड असेल तर कुंडी आजच आडोशाला घ्या, खालचं भोक काडीनं मोकळं करा आणि माती तळापर्यंत सुकल्याशिवाय पाणी घालू नका.