पंखवाला भुताळ्या आणि चिमुकली भेग

दोस्तांनो, आज जाऊ या अमेरिकेत, वेस्ट व्हर्जिनियातल्या पॉइंट प्लेझंट गावी. १५ नोव्हेंबर १९६६ ची रात्र. दारूगोळ्याच्या जुन्या कारखान्याजवळून चौघं तरुण मोटारीतून चालले होते. समोर काय दिसावं? माणसाहून उंच आकृती, पाठीला पंख, डोळे लालभडक! मोटार सुसाट पळवली, तर म्हणे ती उडत मागे! वर्तमानपत्रांनी बारसं केलं ‘मॉथमॅन’.

१५ डिसेंबर १९६७ ला ओहायो नदीवरचा ‘सिल्व्हर ब्रिज’ ऐन संध्याकाळच्या गर्दीत कोसळला. ४६ माणसं गेली. लोक कुजबुजले, ‘हा त्या मॉथमॅनचाच अपशकुन!’

तपासात मात्र खरा गुन्हेगार सापडला. पूल पोलादी पट्ट्यांच्या साखळीवर लटकत होता. त्यातल्या एकीत जेमतेम अडीच मिलिमीटर खोल भेग होती. तिथे पट्टी तुटली आणि सगळा पूल खाली आला! यानंतरच अमेरिकेत पुलांची नियमित तपासणी सक्तीची झाली.

आणि ते लाल डोळे? मोठ्या पक्ष्याचे असावेत, असं जाणकार म्हणतात. गावात २००३ पासून मॉथमॅनचा पुतळाही आहे बरं का!

पण सांगा पाहू, सगळं खापर भुतावर फोडलं असतं, तर ती भेग शोधली कुणी असती?