आधी पाणी, मग प्राणी

२०२४ च्या नोव्हेंबरात मी लेकीकडे इंग्लंडात रेडिंगला गेलो, तेव्हा तिच्या दिवाणखान्यात काचेची एक मोठी पेटी मांडलेली होती. दीडशे लिटर पाणी, तळाशी बारीक वाळू, लाकडाच्या ओंडक्याला दोऱ्याने बांधलेली जावा फर्नची रोपं, कोपऱ्यात बुडबुडे सोडणारा स्पंजचा फिल्टर. सगळा थाट होता, फक्त ज्याच्यासाठी तो मांडला होता तो पाहुणा नव्हता. नऊ वर्षांची नात शाळेतून आली की बूट काढण्याआधी त्या काचेला नाक लावून उभी राहायची आणि विचारायची, ''आजोबा, आज?'' मी वही बघून सांगायचो, ''आज नाही.''

या पाहुण्याचं नाव अॅक्सोलॉटल. मेक्सिको शहराच्या दक्षिणेला असलेल्या सोचिमिल्कोच्या कालव्यांतला हा वीतभर लांबीचा उभयचर. बेडकाच्या गोतावळ्यातला, पण शेपूट असलेला. त्याचे भाऊबंद मोठे झाले की कल्ले टाकतात आणि जमिनीवर येतात. हा मात्र जन्मभर लहानच राहतो, पाण्यातच राहतो आणि डोक्यामागे कल्ल्यांचे तुरे मिरवतो. पाय तुटला तर नवा उगवतो. माइनक्राफ्ट नावाच्या खेळात २०२१ साली तो आला आणि जगभरच्या पोरांनी आईबापांकडे हट्ट धरला. आमची नात त्यातलीच एक.

लेकीने हट्ट मान्य केला, पण एका अटीवर. आधी पाणी तयार होईल, मग प्राणी येईल. ''पाणी तयार करायचं म्हणजे काय? नळ सोडायचा!'' मी म्हणालो. लेक हसली आणि तिने माझ्या हातात चाचणीच्या बाटल्या आणि एक कोरी वही ठेवली. चौतीस वर्षं बँकेत खतावण्या तपासलेल्या माणसाला रिकामं बसवू नये, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

त्या वहीने मला जे शिकवलं ते थोडक्यात सांगतो. पाण्यातला प्राणी जे खातो त्याची घाण त्याच पाण्यात पडते. तिचा अमोनिया होतो आणि तो विष आहे. नदीत, तळ्यात हे विष साचत नाही, कारण तिथे दगडांवर, वाळूवर, पानांवर जीवाणूंची वस्ती असते. एका जातीचे जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषच. दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते त्या मानाने बरंच निरुपद्रवी. काही रोपं शोषून घेतात, उरलेलं आठवड्याला थोडं पाणी बदललं की जातं. नव्या पेटीत ही वस्ती नसते. ती बसवावी लागते आणि बसायला सहसा चार ते आठ आठवडे घेते. म्हणून प्राणी नसताना बाटलीतला अमोनिया मोजून पाण्यात घालायचा, दर लिटरला दोन मिलिग्रॅम, आणि वाट पाहायची. हे जीवाणू उबेत लवकर वाढतात म्हणून तोवर पाण्यात हीटर. पाहुण्याला मात्र गारवा लागतो, म्हणून तो येण्याआधी हीटर बाहेर.

मी तीन रकाने आखले. अमोनियाच्या चाचणीत पाणी हिरवं झालं तर विष, पिवळं राहिलं तर नाही. नायट्राइटचं जांभळं वाईट, आकाशी चांगलं. नायट्रेटचा रंग पिवळ्याकडून लालीकडे जातो. पहिले दहा दिवस हिरव्यामागून हिरवं. मग हिरवं फिकट होऊ लागलं आणि नायट्राइटचा रकाना जांभळा झाला, तो जांभळाच राहिला. तीन आठवडे! नातीने विचारणं सोडून दिलं होतं. नुसती माझ्या तोंडाकडे बघून आत जायची.

छत्तिसाव्या दिवशी माझा धीर सुटला. जेवताना म्हणालो, ''अगं, आणून टाकू या त्याला. चार दिवस आधी आणला तर काय बिघडणार आहे?''

लेकीने घास खाली ठेवला. ''बाबा, तेव्हाही तुम्ही हेच म्हणाला होतात.''

'तेव्हा' म्हणजे १९९३. आम्ही ठाण्यात राहत होतो. लेक सात वर्षांची. एका रविवारी मी तिला स्टेशनजवळच्या दुकानातून काचेचा गोल वाडगा आणि दोन सोनेरी मासे आणून दिले. तिची आई म्हणाली होती, आधी जरा कुणाला विचारा. मी म्हणालो, माशांचं काय विचारायचं? नळाखाली वाडगा भरला, मासे सोडले. पाणी गढूळ दिसलं की सगळं ओतून, वाडगा लख्ख घासून नवं भरायचो. चौथ्या दिवशी लेक शाळेत असताना दोन्ही मासे उलटे तरंगले. मी धावत जाऊन तसेच दोन आणले. ते पाच दिवस टिकले. मग मी तिला सांगितलं, ''त्यांना करमत नव्हतं, म्हणून तलावपाळीच्या तळ्यात सोडून आलो.''

एकतीस वर्षं मी समजत होतो की तिला ते पटलं होतं. ''दुसऱ्या जोडीतल्या एकाच्या शेपटीवर काळा ठिपका नव्हता, बाबा,'' ती शांतपणे म्हणाली. ''मी तळ्यावर जाऊन हाका मारायचे. पण कुणाला, ते मला माहीत होतं.''

त्या रात्री मला झोप लागली नाही. चार माशांना मी कशाने मारलं ते आता माझ्याच अक्षरात माझ्या वहीत लिहिलेलं होतं. नळातल्या क्लोरीनने, साचलेल्या अमोनियाने आणि वाडगा लख्ख घासण्याच्या माझ्या उत्साहाने. जी काही वस्ती बसू पाहत होती ती मी रोज धुऊन टाकत होतो. मासे आणले होते प्रेमानेच. पण प्रेम घाईत होतं. बँकेत कागदपत्रं तपासल्याशिवाय मी कधी पाच हजारांचं कर्ज मंजूर केलं नाही. चार जीव मात्र विनाचौकशी घरी आणले.

सेहेचाळिसाव्या दिवशी घातलेला अमोनिया चोवीस तासांत नाहीसा झाला. अमोनिया पिवळं, नायट्राइट आकाशी. बरंचसं पाणी बदललं, हीटर काढला आणि पाणी अठरा अंशांवर उतरल्यावर तो आला. फिकट गुलाबी, पापण्या नसलेले डोळे, तोंडावर कायमचं हसू. फर्नच्या सावलीत जाऊन बसला आणि नातीने चिमट्याने धरलेलं गांडूळ त्याने गप्पकन ओढलं. तो नीट राहिला तर दहा-पंधरा वर्षं जगेल. म्हणजे नात कॉलेजात जाईल तेव्हाही तो असेल.

पण त्याच्या मूळ घराची कथा ऐका. १८६४ साली मेक्सिकोतून पॅरिसला काही अॅक्सोलॉटल आले आणि त्यांचा वंश प्रयोगशाळांतून, घरांतून जगभर वाढला. पेट्यांत ते अमाप आहेत. सोचिमिल्कोत मात्र १९९८ च्या मोजणीत चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० होते, ते २०१४ मध्ये ३६ वर आले. शहराचं सांडपाणी कालव्यांत आलं आणि लोकांना स्वस्त अन्न मिळावं म्हणून सोडलेले कार्प आणि तिलापिया मासे त्याची अंडी-पिल्लं खाऊ लागले. हेतू तिथेही चांगलाच होता. २०२१ मध्ये मेक्सिकोच्या मध्यवर्ती बँकेने ५० पेसोंच्या नोटेवर त्याचं चित्र छापलं. नोट इतकी देखणी की अनेकजण ती खर्च न करता जपून ठेवतात. माझ्यासारख्या बँकवाल्याला त्याचं कौतुक वाटतं आणि वाईटही. नोट जपली, पाणी नाही जपलं.

दिलासा एवढाच की तिथले शास्त्रज्ञ आणि तरंगत्या वाटणाऱ्या शेतांवरचे शेतकरी आता योग्य क्रमाने निघाले आहेत. शेतांभोवतीच्या कालव्यांच्या तोंडाशी गाळण्या लावून, पाणवनस्पती वाढवून ते आधी पाणी सुधारतात. अशा सुधारलेल्या पाणथळ जागांत पेटीत वाढवलेले अठरा अॅक्सोलॉटल सोडून त्यांचा माग ठेवला, तेव्हा पाहणीच्या काळात ते सगळे जगले, असा अहवाल २०२५ मध्ये आला.

आपल्याकडेही हा प्राणी विकला जातो. माझं स्पष्ट मत आहे की मुंबई-पुण्यात तो आणू नये. चोवीस अंशांपुढे तो आजारी पडू लागतो आणि आपल्या उन्हाळ्यात पाणी तीसच्या घरात जातं. पाणी थंड ठेवणारं यंत्र बारा महिने चालवायची तयारी किती घरांत आहे? शिवाय वन्यजीव कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्यांची सरकारदरबारी नोंदणी करावी लागते. पण साधा सोनेरी मासा आणायचा असला तरी नियम तोच. पेटी आणि मासे एकाच पिशवीतून घरी आणू नका. पेटी आज आणा, मासे दीड महिन्याने. मधल्या काळात मुलाच्या हातात वही द्या. तो रडेल, रुसेल. रुसू द्या. वाट पाहिली म्हणून कुठलं मूल दुखावल्याचं मला ठाऊक नाही. खोटं सांगितल्याने दुखावलेलं एक ठाऊक आहे.

मी परत निघालो त्या सकाळी नातीने वही माझ्या हातून घेतली आणि नव्या पानावर तीन रकाने आखले. वाकडे होते. मी सरळ करायला पट्टी घेतली आणि मग पुन्हा खाली ठेवली.